मोफत संकेतस्थळांवरून इंग्रजी : सोलापुरातील एका नोकरदाराचे परीक्षण

इंग्रजी संभाषणाच्या वर्गाची पाटी नाही असा चौक सोलापुरात शोधावाच लागेल. बहुतेक ठिकाणी शुल्क आगाऊ घेतात, पहिला महिना काळांचे तक्ते पाठ करण्यात जातो आणि वर्गात तीस-चाळीस जण असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्याची दोन मिनिटेही येत नाहीत. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याचा पत्रव्यवहार मी पाहते. त्यामुळे मोफत ऑनलाइन साधने तपासताना माझी कसोटी साधी होती : परदेशी ग्राहकाचे फोनवरचे बोलणे समजले पाहिजे आणि त्याला लिहिलेल्या उत्तरात ठळक चुका राहता कामा नयेत. परीक्षा, मुलाखत किंवा परदेशातील शिक्षण हा ज्यांचा हेतू आहे, त्यांनी हे परीक्षण त्या मर्यादेतच वाचावे.

ऐकण्यासाठी सर्वांत उपयोगी ठरले ते ‘बीबीसी लर्निंग इंग्लिश’चे संकेतस्थळ, आणि त्यातही ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ ही मालिका. दोन निवेदक एखाद्या विषयावर गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न विचारून त्याचे उत्तर शेवटापर्यंत राखून ठेवतात आणि मधल्या काळात सहा शब्द किंवा वाक्प्रयोग वापरून, समजावून, पुन्हा उजळणी करून घेतात. सहा मिनिटांची ध्वनिफीत साधारण पाच-सहा एमबीची असते. त्यामुळे रोजच्या मोबाइल डेटाचे गणित बिघडत नाही. भागासोबत संहिताही मोफत मिळते. पण तिच्या माथ्यावर, ही शब्दशः नोंद नव्हे, अशी स्पष्ट सूचना असते. ही सूचना दुर्लक्षून पुढे जाण्यासारखी नाही, कारण खरा अभ्यास तिथेच सुरू होतो : आधी संहिता न पाहता ऐकावे, मग संहिता हातात घेऊन ऐकावे आणि बोललेले व छापलेले कुठे वेगळे आहे ते पेन्सिलने खुणावत जावे.

असे केल्यावर लक्षात येते की आपला कान नाम आणि क्रियापद तेवढे पकडतो. ‘व्हॉट डू यू थिंक’ हे चार शब्द कागदावर सुटे दिसतात, पण निवेदकाच्या तोंडून ते ‘व्हॉड्यू थिंक’ असे एका श्वासात येतात. ‘ए’ आणि ‘द’ तर इतके हलके उच्चारले जातात की मराठी कानाला ते जाणवतच नाहीत, आणि जे कानाला जाणवत नाही ते लिहितानाही सुटते. माझ्या ईमेलमध्ये ‘द’ सतत का गळत होता, याचा उलगडा व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा या खुणांनी अधिक नीट केला. एकच भाग आठवडाभर असा घोटावा, हे माझे ठाम मत आहे. दररोज नवा भाग ऐकण्यात समाधान मोठे, लाभ थोडा.

ज्यांना बीबीसीचा वेग झेपत नाही, त्यांच्यासाठी ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी सरकारी प्रसारण संस्थेचा इंग्रजी शिक्षण विभाग आहे. १९५९ साली ‘स्पेशल इंग्लिश’ या नावाने सुरू झालेल्या या प्रसारणामागची कल्पना साधी आणि भक्कम होती : सुमारे १५०० शब्दांचा मर्यादित संग्रह, लहान वाक्ये आणि नेहमीपेक्षा संथ वाचन. त्यांचा ‘लेट्स लर्न इंग्लिश’ हा ५२ धड्यांचा पहिला पाठ्यक्रम अगदी प्राथमिक पातळीपासून सुरू होतो. मार्च २०२५ मध्ये या संस्थेचे बहुतांश कामकाज थांबवण्यात आल्यापासून तिच्याकडून नव्या साहित्याची अपेक्षा धरू नये. जे उपलब्ध आहे ते वेळीच उतरवून ठेवावे. उच्चार अमेरिकी असल्याने आमच्यासारख्या निर्यात क्षेत्रातील लोकांना ते ऐकणे आवश्यकच आहे.

शब्दकोशाच्या बाबतीत माझा कल ‘ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज’कडे आहे. त्यातील व्याख्या निवडक सोप्या शब्दांत लिहिलेल्या असतात, शब्दाचा ब्रिटिश आणि अमेरिकी उच्चार ऐकता येतो आणि महत्त्वाच्या शब्दांपुढे ए१, बी२ अशी पातळी छापलेली असते (ए१ ही या युरोपीय मोजपट्टीवरची सर्वांत प्राथमिक पायरी, सी२ सर्वांत वरची). ‘ऑक्सफर्ड ३०००’ ही मूलभूत शब्दांची यादीही तिथे मोफत आहे. मराठी अर्थ देणारी ॲप्स घाईच्या वेळी कामी येतात, पण शब्द कोणत्या अव्ययासोबत येतो आणि कोणत्या संदर्भात शोभतो, हे त्यांतून सहसा कळत नाही. ‘ब्रिटिश कौन्सिल’च्या ‘लर्नइंग्लिश’वरील मोफत पातळी चाचणी सुरुवातीला एकदा द्यावी, आपण ए२ मध्ये आहोत की बी१ मध्ये, याचा ढोबळ अंदाज आला म्हणजे साहित्याची निवड सोपी होते.

गुण आणि सलग दिवसांची माळ मोजणाऱ्या खेळवजा ॲप्सविषयी थोडक्यात सांगायचे तर ती सवय लावतात, भाषा तेवढी लावत नाहीत. तयार शब्द ओढून वाक्य जुळवणे आणि कोऱ्या पडद्यावर वाक्य लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे कोरे पान हीच मोफत साधनांची खरी अडचण आहे. ‘काल माल पाठवला आहे’ असे मराठीत आपण सहज म्हणतो, आणि त्याच साच्यात ‘वुई हॅव डिस्पॅच्ड द गुड्स येस्टरडे’ असे लिहितो; इंग्रजीत ‘येस्टरडे’सोबत हे ‘हॅव’ चालत नाही, नुसते ‘वुई डिस्पॅच्ड’ हवे. कितीही तास ऐकले तरी, हे चुकते आहे असे सांगणारा कोणी समोर नसेल तर हे वाक्य वर्षानुवर्षे तसेच जात राहते. ग्राहकाला अर्थ कळतो, म्हणून तोही काही बोलत नाही. या कामासाठी केंब्रिजचे ‘राइट अँड इम्प्रूव्ह’ हे संकेतस्थळ पाहण्यासारखे आहे. दिलेल्या विषयावर मजकूर लिहून पाठवला की थोड्याच वेळात त्याची अंदाजे पातळी दाखवली जाते आणि ज्या वाक्यांत सुधारणा हवी ती गडद छटेत दिसतात. चूक कुठे आहे हे कळते, ती का आहे हे बऱ्याचदा स्वतः शोधावे लागते. माझ्या मते हा दोष नव्हे, कारण शोधून दुरुस्त केलेले वाक्य पुन्हा सहसा चुकत नाही. पण व्याकरणाचा पायाच कच्चा असलेल्या व्यक्तीला तिथे एकटे वाटेल. तिने आधी इ-बालभारतीच्या संकेतस्थळावरून सहावी-सातवीची इंग्रजीची पाठ्यपुस्तके उतरवून घ्यावीत. तीही मोफत आहेत, आणि ती वाचण्यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही.

बोलण्याच्या बाबतीत मात्र मी या सर्व साधनांना मिळून काठावर उत्तीर्ण करीन. निवेदकापाठोपाठ मोठ्याने बोलणे आणि आपला आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकणे यामुळे उच्चार निश्चित सुधारतो. तथापि समोरच्याने अनपेक्षित प्रश्न विचारल्यावर जे सुचले पाहिजे, ते यातून सुचत नाही. वास्तविक आपल्या शहराला हे वेगळे सांगायला नको. पूर्व भागात वाढलेले मूल घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलते, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी वेळ पडली तर कन्नडही निभावून नेते, आणि यांपैकी बाजारातल्या भाषांसाठी त्याने कधी वर्ग लावलेला नसतो. व्यवहार अडला की भाषा येते. इंग्रजीसाठी तसा व्यवहार शहरात मुद्दाम उभा करावा लागतो. आमच्या कार्यालयात आम्ही दोघी जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना खरेदीदार समजून दर, वजन आणि पाठवणीची तारीख यांवर इंग्रजीत वाद घालतो. इतरांना हसू येते, पण फोन घेण्याची भीती याच वादांनी कमी केली.

खर्च करण्याची तयारी असेल तर तो इथे करावा, असे मी सुचवेन. वर्षभराच्या वर्गाचे आगाऊ शुल्क भरण्याऐवजी इंग्रजी चांगले बोलणाऱ्या एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे आठवड्यातून एक तास केवळ बोलण्यासाठी आणि चुका दुरुस्त करून घेण्यासाठी ठरवावा, आणि ऐकणे, वाचणे, शब्दसंग्रह व लेखन यांसाठी वर सांगितलेल्या संकेतस्थळांवर एक पैसाही न देता काम भागवावे. पैकीच्या पैकी गुण मी फक्त ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ला देईन, तेही संहिता छापून घेऊन ऐकणार असाल तरच.