नाताळला कुटुंबासह गोवा: बागा, पणजी, पाळोळे की बाणावली?

नाताळासाठी गोव्यात खोली शोधताना समुद्र किती लांब आहे हे सगळेच विचारतात. चर्च किती लांब आहे हे त्याआधी विचारा. इथला सण चर्चच्या आवारात आणि वाड्यावाड्यांवर साजरा होतो. 24 डिसेंबरच्या रात्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, सुटल्यावर टॅक्सी मिळणं जवळजवळ अशक्य असतं, आणि मिळाली तरी ती बहुधा मीटरवर चालत नाही. आजी-आजोबा आणि पेंगुळलेलं पोर बरोबर असेल, तर दहा-पंधरा मिनिटांत पायी परतता येईल असंच ठिकाण घ्यावं.

कुटुंबासाठी कळंगुट-बागा आधीच बाद होतं. गाड्यांच्या रांगा आणि रात्री उशिरापर्यंतचं संगीत यात लहान मुलांची झोप होत नाही. मित्रमंडळींनी जावं, घरच्यांना घेऊन नको.

पणजी त्यापेक्षा पुष्कळ बरी. रोषणाईने उजळलेलं इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च, मागे मळा-फोंतेन्हासच्या जुन्या गल्ल्या, जुनं गोवं दहाएक किलोमीटरवर आणि शाकाहारी जेवण सहज मिळतं. मात्र चर्चसमोरच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या रस्त्याची चौकशी करावी. मुलांना पाण्यात खेळायचं असेल तर पणजी नको, मिरामार पोहण्याचा किनारा नाही.

पाळोळ्याचं पाणी उथळ आणि शांत, मुलांसाठी उत्तमच. पण मडगावपासून पस्तीस-चाळीस किलोमीटर दूर, शिवाय किनाऱ्यालगतच्या वस्तीत पर्यटकच जास्त. शेजारच्या आगोंदला पाण्याची ओढ जोराची असते, तिथे मुलांना पाण्यात सोडू नये.

आमची पसंती दक्षिण गोव्यात, सासष्टी तालुक्यातल्या बाणावली-वार्का पट्ट्याला. बाणावलीला सेंट जॉन बाप्टिस्टचं आणि वार्क्याला अवर लेडी ऑफ ग्लोरियाचं चर्च आहे. किनारा लांबरुंद, मडगाव बाजार सहा-सात किलोमीटरवर. संध्याकाळी गावातून नुसता फेरफटका मारला तरी पुरे. घराघरांवर कागदी नक्षत्रं टांगलेली दिसतात, वळणावर वाड्यातल्या पोरांनी मांडलेला गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, असतो. गोठ्याजवळ जरा वाका: शेत म्हणून जे हिरवं दिसतं ते बरेचदा खरंच उगवलेलं असतं, आधी नाचणी किंवा गहू पेरून बोटभर वाढवलेलं. 31 पर्यंत मुक्काम असेल तर मुलं जुन्या कपड्यांत पेंढा भरून केलेला 'ओल्ड मॅन', म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, घेऊन रस्त्यात पैसे मागतात, खिशात सुटे ठेवा.

24 च्या मिस्सेची वेळ चर्चच्या फलकावर बघून घ्या, हॉटेलवाल्याच्या सांगण्यावर राहू नका. वेळ गावागणिक बदलते. गर्दीमुळे मिस्सा बहुधा बाहेर मोकळ्या आवारात होते. बसायला जागा हवी तर पाऊण तास आधी पोहोचा. दव पडतं, म्हाताऱ्यांना शाल द्या, आणि डासांचं मलम विसरू नका. प्रार्थना बहुतेक ठिकाणी कोकणीत असते. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला. कम्युनियनची, म्हणजे प्रसादाची, रांग फक्त कॅथलिकांसाठी असते, इतरांनी जागेवर बसून राहावं. कुणालाही वावगं वाटत नाही.

या पट्ट्याची अडचण 25 तारखेची. गावातली बरीच दुकानं आणि घरगुती खानावळी त्या दिवशी बंद, कारण मालकाच्या घरीही सण असतो. दूध, केळी, पाण्याच्या बाटल्या, औषधं 24 ला दुपारीच आणा. शाकाहाऱ्यांनी मडगाव शहरात जेवावं. मिठाईत बिबिंकामध्ये अंड्याचा बलक असतो, दोदोल मात्र तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाच्या गुळाचं. अंडं न खाणाऱ्यांसाठी दोदोल घ्या, केक-कुलकुल विचारूनच.

खोली घेताना चार गोष्टी लिहून मागा. 24 आणि 31 ला 'गाला डिनर'चे पैसे सक्तीचे आहेत का, आणि मुलांना किती? बरीच हॉटेलं ते नंतर लावतात, त्याने बिल चांगलंच फुगतं. किमान किती रात्री राहावं लागेल? सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे का? रोजचं भाडं 7500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के, त्याहून जास्त असेल तर 18 टक्के. म्हणजे 7400 आणि 7700 च्या खोल्यांमध्ये प्रत्यक्ष फरक हजाराच्या वर जातो. होमस्टे असेल तर पर्यटन खात्याची नोंदणी आहे का?

भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका, पोलिसांनी अडवलं किंवा अपघात झाला तर विम्यासकट सगळं तुमच्या गळ्यात येतं.

कोकण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. 24 डिसेंबरच्या गाडीसाठी 25 ऑक्टोबरला सकाळी आठला तयार बसा, आणि तिकीट मडगावचंच काढा. थिवी स्थानक बार्देश तालुक्यासाठी, म्हणजे कळंगुट-बागा भागासाठी, करमळी पणजीसाठी. विमानाने येणाऱ्यांनी दाबोळी विमानतळ निवडावा. दुसरा विमानतळ, मोपा, उत्तरेला पेडण्यात आहे, तिथून बाणावलीला यायला अख्खं गोवं ओलांडावं लागतं. तिकीट दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसलं तरी टॅक्सीचं भाडं त्यात मिळवूनच ठरवा.