बीकेसीत नोकरी, घर कुठे घ्यायचं? गोरेगाव, मुलुंड, घोडबंदर, डोंबिवली की खारघर

मुंबईत भाड्याचं घर शोधायचं तर आधी रेल्वेची लाईन ठरवावी, मग स्टेशन, आणि घर सगळ्यात शेवटी. बाहेरगावाहून येणारे बहुतेक जण उलटं करतात. फोटोतला स्विमिंग पूल आवडतो, एजंट ‘आज टोकन द्या, नाहीतर जाईल’ म्हणतो, आणि रोजच्या प्रवासाचा हिशोब राहायला गेल्यावर सुरू होतो. म्हणून इथे तुलना एकाच ठिकाणाहून केली आहे: ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी), घर वन बीएचके, साधारण चारशे चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा.

सध्या मागितली जाणारी भाडी ढोबळमानाने अशी आहेत. गोरेगाव पूर्वेला ३२ ते ४० हजार. मुलुंडला २८ ते ३६ हजार. ठाण्यात नौपाड्यासारख्या स्टेशनजवळच्या भागात मुलुंडपेक्षा थोडं कमी, आणि घोडबंदर रोडवर १८ ते २६ हजार. खारघरला १६ ते २४ हजार. डोंबिवलीत १० ते १५ हजार. इमारत नवी की जुनी, लिफ्ट आहे की नाही, स्टेशनला चालत जाता येतं की रिक्षा लागते, यावर त्याच गल्लीत पाच हजारांचा फरक पडतो.

टाळेबंदीत ही भाडी उतरली होती. २०२२ पासून चढायला लागली, ती अजून म्हणावी तशी थांबलेली नाहीत. नोकरदार परत आले हे एक कारण. दुसरं कारण मात्र मुलुंड, विलेपार्ले, चेंबूर, बोरिवलीत घर शोधणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवं: पुनर्विकास. एक सोसायटी पाडायला गेली की पन्नास-साठ कुटुंबं एकदम बाहेर पडतात. मुलांची शाळा, आईवडिलांचा डॉक्टर, सगळं तिथेच, म्हणून त्यांना घरही त्याच भागात हवं असतं. भाडं बिल्डर देत असल्यामुळे दोन-चार हजारांसाठी ती अडून बसत नाहीत. तुमची स्पर्धा त्यांच्याशी आहे. जुन्या इमारतीत एखादं घर बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त दिसलं, तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठा आणि इमारत पुनर्विकासाला कधी जाणार आहे ते विचारा. एजंट हे आपणहून सांगत नाही.

गोरेगाव आणि मुलुंड

दोन्हीकडून बीकेसीतल्या खुर्चीत बसेपर्यंत तासाभराच्या आत-बाहेर वेळ लागतो. फरक वाटेत आहे.

गोरेगावहून जुना मार्ग म्हणजे लोकलने वांद्रे आणि पुढे बस किंवा शेअर रिक्षा. आता मेट्रोही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो ३ आरेपासून बीकेसीपर्यंत सुरू झाली, आणि वर्षभराने ती कफ परेडपर्यंत गेली. गोरेगाव पूर्वेहून मेट्रो ७ ने गुंदवली, तिथून पुलावरून मेट्रो १, मरोळ नाक्याला उतरून मेट्रो ३. दोनदा बदलावं लागतं, लोकलच्या पासापेक्षा महागही पडतं, पण भर पावसातही इस्त्रीचे कपडे इस्त्रीचे राहतात. घरमालकांनाही हे कळलं आहे, म्हणून जाहिरातीत ‘मेट्रो ५ मिनिटं’ आलं की भाडं त्या हिशोबाने लावलेलं असतं. ती पाच मिनिटं स्वतः चालून बघा. हायवे ओलांडायचा असेल तर ती पंधरा होतात.

मुलुंडहून कुर्ला गाठायचं. तिथे पश्चिमेला उतरलं की बीकेसीच्या शेअर रिक्षांची रांग. सकाळी साडेनऊच्या सुमारास ती रांग, बस आणि फेरीवाले यांच्यातून वाट काढत जाणं हा प्रवासाचा सगळ्यात वाईट तुकडा आहे. घर बघायला जाल तेव्हा एकदा कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला हा तुकडा करून पाहा. पावसाळ्यात कुर्ला-शीव पट्ट्यात पाणी भरलं की मध्य रेल्वे अडकते, तेही धरून चाला. बाकी मुलुंड राहायला फार चांगलं आहे. बाजार, दवाखाने, शाळा, नाट्यगृह, सगळं हाताशी.

एक गोष्ट मात्र मनाला लागते, आणि ती सांगितलीच पाहिजे. मुलुंड, घाटकोपर, मालाड या भागांत फोनवर पहिला प्रश्न ‘व्हेज की नॉन-व्हेज?’ असा येतो. कधी आडनाव ऐकूनच ‘घर गेलं’ असं उत्तर मिळतं. स्वतःच्या राज्याच्या राजधानीत मराठी माणसाने हे ऐकावं, मुसलमान आणि दलित कुटुंबांनी तर वर्षानुवर्षं ऐकत राहावं, हे चीड आणणारं आहे. खोटं बोलून घर घेऊ नका. पुढे अकरा महिने दारं लावून मासे तळावे लागतात. त्या परिसरात ज्या सोसायट्यांत असा प्रश्न येत नाही, त्यांची नावं तिथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून काढा.

घोडबंदर आणि डोंबिवली

माझं मत इथे सगळ्यात ठाम आहे. बीकेसीत नोकरी असेल तर निव्वळ भाडं कमी आहे म्हणून घोडबंदरला घर घेऊ नका.

जाहिरातीत ‘ठाणे’ लिहिलेलं असतं, पण कासारवडवलीहून ठाणे स्टेशन आठ-दहा किलोमीटर आहे. रस्ता अवजड वाहनांचा, त्यात मेट्रोचं काम. गर्दीच्या वेळी स्टेशन गाठायलाच पाऊण तास जातो. मग कुर्ला, मग ती रिक्षाची रांग. एका बाजूचा प्रवास दीड तासाच्या वरच. ठाण्याहूनच सुटणारी लोकल मिळून बसायला जागा मिळते, एवढाच दिलासा.

आता शेजारी डोंबिवली ठेवा. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर घर घेतलं, तर जलद लोकलने पाऊण तासात कुर्ला. घर ते ऑफिस साधारण दीड तास. म्हणजे वेळ घोडबंदरइतकाच, आणि भाडं आठ-नऊ हजारांनी कमी! घोडबंदरला त्या जास्तीच्या पैशांत बाग, क्लब हाऊस, मोकळी हवा आणि मागे येऊरचं जंगल मिळतं. घरातलं एक माणूस पूर्णवेळ घरून काम करत असेल किंवा लहान मूल असेल, तर त्याची किंमत आहे. तेव्हासुद्धा उन्हाळ्यात सोसायटीला पाण्याचे टँकर किती लागतात ते वॉचमनला विचारा.

डोंबिवलीच्या बाजूने आणखी बोलता येईल. शिकवण्या, वाचनालयं, गणपती, पोळीभाजी केंद्रं, नव्याने संसार मांडणाऱ्या मराठी जोडप्याला इथे परकं वाटत नाही. पण सकाळी आठच्या सुमाराची जलद गाडी कल्याणहून, त्याच्याही पलीकडून भरून आलेली असते. दारात लटकण्याची वेळ येत असेल तर ती गाडी सोडा. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गाडीतून पडून माणसं गेली, ती अशाच गर्दीतली होती. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धरायची, वीस मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

इमारतही तपासून घ्या. बनावट कागदपत्रांवर रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांची सरकारी नोंदणी, मिळवलेल्या डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. भाडेकरूचं घर बुडत नाही हे खरं, पण डिपॉझिट अडकतं.

भाड्यातला फरक तासांत मोजला की निर्णय सोपा होतो. गोरेगाव ३६ हजार, डोंबिवली १३ हजार, फरक २३ हजार. डोंबिवलीहून एका माणसाचे दिवसाला सुमारे सत्तर मिनिटं जास्त जातात, महिन्याच्या बावीस दिवसांत पंचवीस-सव्वीस तास. एकटाच बीकेसीला जाणार असेल तर गोरेगावला राहून वाचलेला प्रत्येक तास नऊशे रुपयांना पडतो, म्हणजे डोंबिवली रास्त. नवराबायको दोघंही तिकडेच जाणार असतील तर तोच तास साडेचारशेला पडतो, आणि मग मी गोरेगाव किंवा मुलुंड सुचवेन.

खारघर

सिडकोने आखलेले रुंद रस्ते, सेंट्रल पार्क, डोंगर, आणि मुलुंडच्या भाड्यात इथे प्रशस्त टू बीएचके. हार्बर लाईनवर जलद गाड्या नाहीत, कुर्ल्यापर्यंत पाऊण तास, पुढे तीच रिक्षा. गाड्या पनवेलहून सुटतात म्हणून जागा मिळण्याची शक्यता डोंबिवलीपेक्षा बरी. आठवड्यात दोन-तीन दिवसच ऑफिस असेल तर खारघर बिनधास्त घ्या. रोज जायचं असेल तर दमायला होतं.

कुर्ल्यात बीकेसीला लागून एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतींत घरं स्वस्त मिळतात, हेही कोणीतरी सांगेल. विक्रीबंदीच्या मुदतीत मूळ लाभार्थी ते घर दुसऱ्याला भाड्याने देऊ शकत नाही. मुदत संपल्याचा कागद दाखवला तरच पुढे बोला.

पैसे आणि करार

भाडं ३० हजार असेल तर पहिल्या महिन्यात हातात दीड लाख ते एक लाख ऐंशी हजार हवेत. डिपॉझिट तीन-चार महिन्यांचं, एजंटला एक महिन्याचं भाडं, पहिलं भाडं, टेम्पोचा खर्च वेगळा.

महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करारसुद्धा नोंदवावाच लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. ‘नोटरी करून टाकू’ म्हणणाऱ्याला हे सांगा. खर्चही फार नाही. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. ३० हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरलं तर अकरा महिन्यांना साडेआठशेच्या आसपास, आणि शहरी भागात नोंदणीचे एक हजार. याउपर एजंट जे घेतो ते त्याच्या कामाचे पैसे. ते आधी विचारून घ्या.

शक्य असेल तर अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करार मागा. दरवर्षीची पाच टक्के वाढ त्यातच लिहून घ्या आणि नोटिशीचा कालावधी दोन्ही बाजूंना सारखा ठेवा. भाडी चढत असताना दर अकरा महिन्यांनी नवा भाव आणि नवं ब्रोकरेज हा भाडेकरूला बसणारा सगळ्यात मोठा फटका असतो. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेलं शुल्क) तुमच्या माथी मारत असेल, तर ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, आणि ते भरायचे कोणी हे करारात स्पष्ट हवं. चावी घेताना भिंतींची ओल, नळ, गीझर, खिडक्यांच्या काचा यांचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा.