पिन्या-सेदा ओढणी: उन्हाळा आणि पावसाळा वापरून झाल्यावर

आधीच सांगते, ही ओढणी अंगावर रुळत नाही. मलमल किंवा शिफॉनची सवय असेल तर सुरुवातीला ती खांद्यावर ताठ वाटेल. मला मात्र आता तोच तिचा मोठा गुण वाटतो. कापड अंगाला चिकटत नाही, त्यामुळे मुंबईच्या मे महिन्यातही मानेला वारा लागतो. वजन जवळपास नाहीच.

ही विणलेली आहे फिलिपिन्समधल्या अक्लान प्रांतात, कलिबोला. उभे धागे रेशमाचे, म्हणजे 'सेदा', आडवे अननसाच्या पानांतल्या तंतूंचे, म्हणजे 'पिन्या'. पान फळीवर ठेवून फुटक्या चिनी मातीच्या बशीने खरवडतात, तेव्हा जाडसर तंतू सुटतो. त्याच्या आतला नाजूक तंतू, 'लिनिवान', करवंटीच्या कडेने काढतात. सूत कातायचा प्रश्नच नाही. पान संपलं की तंतू संपला, म्हणून एकेक तंतू पुढच्याला हाताने गाठ मारून जोडायचा. ओढणी खिडकीसमोर धरली की त्या खसखशीएवढ्या गाठी दिसतात. मी अजूनही बघत बसते. 2023 मध्ये युनेस्कोने या विणकामाला वारसा यादीत घेतलं, ते अगदी योग्य झालं.

आता तक्रार. खड्यांच्या बांगड्यांत ती पटकन अडकते. माझ्या ओढणीचे काठाजवळचे धागे लग्नाच्या गर्दीत ओढले गेले, ते परत बसले नाहीत. रोज लोकलने जाणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये.

धुताना थंड पाणी आणि रिठा. पिळायची नाही, मशीनमध्ये तर अजिबात नाही. सावलीत वाळवून किंचित ओलसर असतानाच वरून सुती फडकं घालून इस्त्री करते. घडी घालत नाही, कारण त्याच रेषेवर कापड कमजोर होतं; जुन्या सुती साडीत गुंडाळी करून ठेवते. पावसाळ्यातही कपाटात वास लागला नाही. मूळचा हस्तिदंती रंग तसाच आहे.

घेताना जपून. एका दुकानात मला 'पिन्या' म्हणून चक्क पॉलिएस्टर दाखवलं. 'जुसी' नावाचं कापडही शेजारीच असतं, पण ते आता बहुतेक रेशमी ऑर्गन्झाच असतं. धागा सगळीकडे एकसारखा जाड आणि गाठ एकही नाही, असं दिसलं तर पुढे चला. खऱ्या मालाची किंमत भारी आहे, पण ती हातांच्या कामाची आहे. घासाघीस करू नका.

पुढच्या वेळी नवऱ्यासाठी बारोंगचं, म्हणजे फिलिपिनो पुरुषांच्या सदऱ्याचं, कापड घेणार आहे, निव्वळ पिन्याचं, तिथल्याच लुंबान गावच्या भरतकामाचं.