वाढ 9,600 ची, हातात 3,800: ह्यांच्या कंपनीच्या कराराचा रिव्ह्यू

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये आमचे हे सीएनसीवर आहेत. तिथल्या युनियनचा आणि व्यवस्थापनाचा करार मे 2025 मध्ये झाला. सह्या झाल्या त्या संध्याकाळी गेटवर गुलाल, फटाके आणि फ्लेक्सवर हातभर आकडा: 9,600 रुपयांची ऐतिहासिक पगारवाढ. शेजारच्या वहिनी पेढे मागायला आल्या. मी म्हटलं, आधी स्लिप तर येऊ दे.

मी एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, उद्यमनगर, सगळीकडच्या पगाराच्या स्लिपा माझ्या हाताखालून जातात. करार कसा झालाय ते फ्लेक्सवर कधीच कळत नाही, बेसिकच्या रकान्यात कळतं. आता वर्ष व्हायला आलं, चांगला वापरून झालाय, म्हणून लिहितेय. माझे पाचपैकी तीन तारे.

पहिली गोष्ट, 9,600 हा आकडा सीटीसीचा. म्हणजे कंपनीच्या खिशातून जे जे म्हणून जाणार, ते सगळं त्यात धरलेलं. कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, मेडिक्लेमचा हप्ता, कँटीनच्या ताटामागचं अनुदान, दिवाळीची भेटवस्तू, सगळं. आणि तेही एकदम नाही. पहिल्या हप्त्यात 60 टक्के, मग 20, मग 20. पहिला हप्ता झाला 5,760 चा. त्यातले स्लिपवर आले 4,000. त्यातून ह्यांच्या वाट्याचा पीएफ 180 रुपये गेला. राहिले 3,820. गुलालाचा खर्च वेगळा.

हे चार हजार कुठे टाकलेत ते बघा. बेसिक-डीएत, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्त्यात, 1,500. घरभाड्यात 900. बाकी प्रवास, मुलांचं शिक्षण, कपडे धुलाई. (धुलाई भत्ता 300 रुपये. फाउंड्रीचा काळा डाग काढायला लागणारी पावडर आणि माझे दोन्ही हात धरून हा दर बरा म्हणायचा.) ‘स्पेशल अलाउन्स’ हा रकाना मात्र गायब. 28 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारा असला भत्ता पीएफसाठी मूळ पगारातच धरायचा. तेव्हापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या कितीतरी स्लिपांवर भत्त्यांची बारशी नव्याने झालेली दिसतात.

तिन्ही हप्ते मिळून 9,600 पैकी बेसिकमध्ये पडणार 2,500. माझी खरी तक्रार इथे आहे. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिक-डीएवर निघते: 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं, मग नोकरीची वर्षं. आणखी 2,500 जर भत्त्यांतून उचलून बेसिकमध्ये टाकले असते, तर 30 वर्षं नोकरी करणाऱ्याला निवृत्तीच्या वेळी 43 हजारांवर जास्त मिळाले असते. शिवाय दोन्हीकडचा 12-12 टक्के पीएफ धरला तर महिन्याला 600 रुपये खात्यात जादा. ह्यांच्या मशीनवरची तरणी पोरं म्हणतात, वहिनी, पीएफ कापून काय करायचंय, हातात पैसा पाहिजे. गाडीचा हप्ता असतो त्यांचा, मला दिसतो तो. पण करार करणाऱ्या माणसांची स्वतःची निवृत्ती जवळ आलेली असताना त्यांनी तरी हा आकडा मांडून दाखवायला हवा होता.

तरी ह्यांची स्लिप पुष्कळ बरी. पगार 45 हजार आणि बेसिक जेमतेम 17 हजार असल्याही स्लिपा येतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी वेतन संहिता लागू झालीय. त्यात भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. तसल्या कंपन्यांत पुढच्या कराराला बरीच आदळआपट होणार.

युनियनला एका गोष्टीसाठी मनापासून शाबासकी. कायद्याने कंपनीला 15,000 च्या मर्यादेवर पीएफ भरून थांबता येतं. म्हणूनच पगार कितीही असो, पुष्कळ स्लिपांवर पीएफच्या रकान्यात 1,800 वर गाडी अडकलेली असते. ह्यांचा बेसिक-डीए 13,900 वरून 15,400 वर गेला, म्हणजे मर्यादा ओलांडली. पण ‘पूर्ण बेसिक-डीएवर’ हे तीन शब्द करारात लिहून घेतलेत. ह्यांचा पीएफ 1,848 कापला जातो आणि कंपनीही तेवढेच भरते. आज फरक 48 रुपयांचा दिसतो. पुढच्या दोन-तीन करारांनंतर बघा.

आता ईएसआय, म्हणजे कामगार विमा योजना. हे प्रकरण कुणी नीट समजावून सांगत नाही.

कराराआधी एकूण पगार 20,400 होता. ईएसआयची पगारमर्यादा 21,000. ह्यांचे कापले जायचे 0.75 टक्के, म्हणजे 153 रुपये. कंपनी भरायची 3.25 टक्के, म्हणजे 663. त्या 153 रुपयांत अख्खं घर बसायचं, सासूबाईंसकट. त्यांना शुगर आणि बीपी दोन्ही. महिन्याच्या गोळ्या विम्याच्या दवाखान्यातून यायच्या. रांग असायची, एखादी गोळी नसली की पुन्हा बोलवायचे, पण खिशाला हात लावावा लागत नव्हता. करारानंतर पगार 24,400 झाला. सप्टेंबरअखेरपर्यंत कपात चालू राहिली आणि मग आम्ही योजनेतून बाहेर.

बदल्यात मेडिक्लेम आला. तीन लाखांचा, नवरा-बायको आणि दोन मुलं. आईवडील घ्यायचे असतील तर हप्ता कामगाराने भरायचा. सत्तरीतल्या शुगरवाल्या बाईचा हप्ता विचारला आणि फोन ठेवून दिला. त्यातून मेडिक्लेम अ‍ॅडमिट झाल्यावरचा. रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. त्या आता बावड्यातल्या मेडिकलमधून आणते, महिन्याला हजार-बाराशे. म्हणजे 3,820 मधून तेही वजा करा.

आणि गंमत पुढेच आहे. करारपुस्तिकेच्या परिशिष्टात मेडिक्लेमपोटी दरमहा 850 रुपये वाढीत मोजलेत. पण आमची माणसं ईएसआयतून बाहेर पडली तेव्हा कंपनीचे माणशी 663 रुपये वाचायला लागले. ते कुठेच वजावटीत दाखवलेले नाहीत. म्हणजे मेडिक्लेमचा खरा जादा बोजा 187 रुपयांचा, आणि फ्लेक्सवर लागले 850. परिशिष्ट बारीक टायपात, इंग्रजीत, शेवटच्या पानाला. गेटवर मराठीत जे लागलं होतं त्यात हा तक्ता नव्हता. ह्यांनी सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारलं. अध्यक्ष म्हणाले, मुद्दा रास्त आहे, लिहून द्या. दिलाय लिहून.

फरकाचं सांगायचं तर जुना करार 31 मार्च 2024 ला संपला आणि नवा 1 मे 2025 पासून पगारात आला. मधल्या 13 महिन्यांपोटी ठोक 25,000. हिशेबाने पन्नास हजारांच्या घरात व्हायला हवे होते. युनियनचं म्हणणं, फरकासाठी अडून बसलो असतो तर अजून सहा महिने गेले असते. खरंही असेल. पण कागदावर करार चार वर्षांचा, मार्च 2028 पर्यंतचा. त्यातलं पहिलं वर्ष असं निम्म्या भावात गेलं. माझे दीर साखर कारखान्यात आहेत. त्यांचं वेतन राज्याच्या त्रिपक्षीय समितीत ठरतं, गेटवर घासाघीस नसते. उशीर मात्र त्यांनाही चुकत नाही.

कँटीन सुधारलं. बुधवारी अंडाकरी, शुक्रवारी चिकन. रश्श्याला कट नाही म्हणून ह्यांची कुरकुर असते, ती मी मनावर घेत नाही. रात्रपाळीचा भत्ता वाढला तो बरा आहे.

पण मला सगळ्यात आवडलेलं कलम पैशाचं नाहीच. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, शिरोलीचा रस्ता बंद झाला. आम्ही बावड्याला, कंपनी पुलापलीकडे. दोन्ही वेळा ह्यांची हक्काची रजा कापली गेली, ज्यांची शिल्लक नव्हती त्यांचा पगार कापला. आता करारात लिहिलंय की पुरामुळे हायवे बंद असल्याचं प्रशासनाने जाहीर केलं, तर वर्षातून सहा दिवसांपर्यंत अर्धी रजा कंपनीची, अर्धी कामगाराची. हे कलम मागणीपत्रात घालायचं ज्याच्या डोक्यात आलं त्याला माझ्याकडून एक तारा. कोल्हापुरातल्या सगळ्या युनियनांनी उचलावं.

हे सगळं कायम कामगारांचं बरं का. त्याच लाइनवर कॉन्ट्रॅक्टची पोरं तेच जॉब लावतात, त्यांना अंडाकरीसुद्धा वेगळ्या दराने. करार तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 18(1) खाली झालाय, म्हणजे सह्या करणाऱ्या दोन पक्षांपुरता. ही पोरं कर्ज मागायला येतात तेव्हा स्लिपवर ठेकेदाराचं नाव असतं, आणि ते दर वर्षी बदललेलं असतं. मी जामीनदार मागते. तो कायमवाला लागतो.

तुमच्याकडे करार व्हायचा असेल तर फ्लेक्सचा फोटो मला पाठवू नका. परिशिष्टाचा पाठवा, आणि जुनी एक स्लिप. दुसऱ्या, 1,920 च्या हप्त्यातले जे काही येतील ते ह्यांच्या एप्रिलच्या स्लिपवर येतील, त्यात बेसिकचे 500. वहिनींना पेढे तेव्हाही नाहीत.