प्रोव्हँ: पॅरिसच्या टूरमधला मोकळा दिवस इथे द्या

बेळगावहून युरोपच्या ग्रुप टूरला जाणाऱ्यांना पॅरिसमध्ये बहुतेकदा एक दिवस मोकळा मिळतो. तो मॉलमध्ये घालवू नका, रेल्वेने दीड तासावरच्या प्रोव्हँ या जुन्या गावाला जा. (दक्षिणेतला प्रोव्हान्स प्रांत वेगळा, तिकीट काढताना गल्लत नको.) युनेस्कोने 2001 मध्ये हे गाव जागतिक वारसा यादीत घेतलं, ते मध्ययुगीन जत्रांचं गाव म्हणून. या जत्रांत कापडाचा व्यापार चाले, म्हणून बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात विणकरांच्या मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला ते लगेच उमगतं.

गार द लेस्त स्टेशनवरून पी लाइनची गाडी पकडायची. साधारण तासाला एक असते, सुमारे दीड तास लागतो आणि प्रोव्हँ शेवटचं स्टेशन. 2025 मध्ये पॅरिस आणि भोवतालच्या प्रदेशात मेट्रो-ट्रेनचं एकच तिकीट झालं, तेव्हा दर 2.50 युरो होता. एवढ्या लांबच्या प्रवासाला हे फारच स्वस्त. हे तिकीट बसला मात्र चालत नाही, आणि परतीचं पॅरिसमध्येच काढून ठेवलेलं बरं. शनिवार-रविवारी रुळांच्या कामासाठी गाड्या रद्द होतात, म्हणून आदल्या रात्री ॲपवर वेळ बघा.

स्टेशन खालच्या गावात, बघण्यासारखं बरंचसं वरच्या गावात. मध्ये वीस-पंचवीस मिनिटांचा चढ, तोही दगडी फरशीचा. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

‘पास प्रोव्हँ’ हे एकत्रित तिकीट घ्यावं का? भुयार बघणार असाल तर जरूर. सीझरचा बुरूज, ग्रांज ओ दीम, भुयारं आणि म्युझियम एवढं त्यात येतं. बुरूज बाराव्या शतकातला, खाली चौकोनी आणि वर अष्टकोनी. जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर थांबावंच लागतं. ग्रांज ओ दीम ही तेराव्या शतकातली कमानींची दगडी वखार. व्यापारी इथे माल मांडत, पुढे चर्चचा धान्यरूपी कर इथे साठू लागला.

पण पासचे पैसे वसूल होतात ते भुयारात. लोकर धुऊन तिचं तेल काढायला लागणारी माती खणता खणता ती झाली, असं मानतात. कापडाच्या धंद्याची खूण अशी जमिनीखाली उतरलेली क्वचितच बघायला मिळते. आत गाइडशिवाय सोडत नाहीत, माहिती बहुधा फ्रेंचमध्ये, आणि सीझन नसताना फेऱ्या मोजक्याच. म्हणून पोचल्याबरोबर आधी भुयाराची वेळ विचारा, बाकीचं त्याभोवती बसवा. उन्हाळ्यातही स्वेटर न्या.

प्रोव्हँ तेव्हा शँपेन प्रांतात होतं. तिथल्या काउंटांनी, म्हणजे सत्ताधारी सरदारांनी, व्यापाऱ्यांना वाटेवर संरक्षण दिलं, जत्रांवर देखरेखीला अधिकारी नेमले. त्या भरवशावर फ्लँडर्सचं (आजच्या बेल्जियमकडचा भाग) कापड आणि इटलीचे सावकार इथे एकत्र येत. प्रोव्हँचं नाणं दूरदूर चाले. पुढे इटली ते फ्लँडर्स थेट समुद्रमार्ग सुरू झाला, शँपेन फ्रान्सच्या राजाच्या ताब्यात गेलं, आणि जत्रा ओसरल्या. त्यानंतर गाव फारसं वाढलंच नाही, म्हणून जुनी घरं टिकली. सँ-किरियास चर्चचा पुढचा भाग पैशाअभावी अपुरा राहिला, तो तसाच दिसतो. तिथे प्रवेश फुकट.

तटबंदीलाही तिकीट नाही. पोर्त सँ-जाँ ते पोर्त द जुई या दोन वेशींमधला तुकडा चालाच. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर, कमलबस्ती, 1204 चं, या तटाचा मोठा भागही त्याच शतकातला. तिथे भिंतीचा पायथा मोकळा ठेवलाय, त्यामुळे खंदक आणि बुरूज एका नजरेत येतात. आपल्याकडे एवढं तरी व्हायला हवं.

घोडेस्वारांचे आणि शिकारी पक्ष्यांचे खेळ पासात येत नाहीत, आणि हिवाळ्यात बंद असतात. सोबत मुलं नसतील तर सोडून द्या.

जेवण बारा ते दोनच्या आत उरका, नंतर किचन बंद. शाकाहाऱ्यांनी गव्हाऐवजी कुट्टूच्या पिठाची चीजवाली गालेत (घावनासारखा पातळ प्रकार) मागावी आणि ‘साँ जाँबाँ’, म्हणजे हॅमशिवाय, असं स्पष्ट सांगावं.

प्रोव्हँच्या गुलाबाचा जॅम आपल्या गुलकंदापेक्षा पातळ आणि सौम्य. बाटली चेक-इनच्या बॅगेतच टाका; 100 मिलीच्या वरची हँडबॅगेत सापडली तर सिक्युरिटीवाले काढून घेतात.