एस्किशेहिर की कोन्या? अंकाराचं भाडं झेपत नसेल तर

तुर्कस्तानात, अंकाराला नोकरी मिळाली की बरेच जण विचारतात की राहायचं अंकारातच का, आणि आम्हालाही तोच प्रश्न पडला होता. मला ऑफिसला आठवड्यातून दोनच दिवस जावं लागतं, बाकी घरून काम. मग हायस्पीड ट्रेनच्या टप्प्यातलं स्वस्त शहर बघू म्हटलं आणि गाडी दोन नावांवर येऊन थांबली, एस्किशेहिर आणि कोन्या. एस्किशेहिरची ट्रेन 2009 पासून, कोन्याची 2011 पासून. पहिलं साधारण दीड तास, दुसरं पावणेदोन. म्हणजे प्रवासाच्या बाबतीत फार फरक नाही. आम्ही तिघं, मी, बायको आणि तेव्हा पाच वर्षांची मुलगी, आधी एस्किशेहिरला चौदा महिने राहिलो आणि आता कोन्यात दोन वर्षं होतील, तेव्हा जे सांगतोय ते आमच्यापुरतं आहे, एकट्या माणसाचं किंवा विद्यार्थ्याचं गणित पार वेगळं निघू शकतं.

इकामेत म्हणजे राहण्याचा परवाना, टॅक्स नंबर, हेल्थ इन्शुरन्स हे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही. दोनच गोष्टी सांगतो. एक, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला महाराष्ट्रातून निघायच्या आधीच अपोस्टिल करून घ्या, म्हणजे परदेशात चालेल असा सरकारी शिक्का मारून घ्या, इथे आल्यावर ते कुरियरने पुण्या-मुंबईला पाठवत बसणं फार जिवावर येतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 2022 पासून तुर्कस्तानात ज्या महल्ल्यात परदेशी लोकांचं प्रमाण ठरावीक टक्क्यांच्या वर गेलंय, आधी ही मर्यादा 25 टक्के होती आणि मग 20 झाली, तो महल्ला नव्या परदेशी माणसाच्या पत्ता-नोंदणीला बंद करतात. त्यामुळे घर आवडलं म्हणून लगेच डिपॉझिट देऊ नका, आधी त्या महल्ल्याचं नाव तपासा, एजंट सांगेलच असं नाही. आणि डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही असा इथला कायदा आहे, हे शांतपणे बोलून दाखवलं की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

आता एस्किशेहिर. खरं सांगतो, पहिल्या नजरेत प्रेमात पडावं असं शहर आहे. गावाच्या मधोमध पोर्सुक नदी, दोन्ही काठांनी चालायला जागा, पूल, ट्राम, आणि वर ओदुनपाझारीत लाकडी जुनी रंगीत घरं आणि त्याच्या शेजारी 2019 ला उघडलेलं मॉडर्न आर्टचं म्युझियम, तेही लाकडाच्या ओंडक्यांचंच, जपानी आर्किटेक्टने केलेलं. गावात गरम पाण्याचे झरे आहेत, जुने हमाम त्यावरच चालतात. क्रिमियातून आलेल्या तातार लोकांमुळे चिबोरेक मिळतं, म्हणजे खिम्याची मोठी पातळ तळलेली करंजीच म्हणा. तीन युनिव्हर्सिट्या आहेत, त्यामुळे इंग्रजी बोलणारं कुणी ना कुणी भेटतंच आणि बायकोला कुठेही, कुठल्याही कपड्यात, कितीही वाजता अवघडल्यासारखं झालं नाही. पहिल्या दोन महिन्यांत तर आम्हाला वाटलं की आता इथेच.

पण आम्ही घर घेतलं जुलैमध्ये. इथेच सगळं चुकलं.

माझी टीम पुण्यात आहे. पुण्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे साडेसहा, म्हणजे मला पावणेसहाला उठावंच लागतं, आणि तुर्कस्तानने 2016 पासून घड्याळ मागे घेणं बंद केल्यामुळे हिवाळ्यात आठ वाजून गेले तरी सूर्य उगवत नाही, म्हणजे माझं सुरुवातीचं दीड-पावणेदोन तास काम अंधारातच होतं. अशा माणसाला रात्री दहाला झोप लागली पाहिजे. जुलैमध्ये लागायची. सप्टेंबर संपता संपता विद्यार्थी परत आले आणि आमच्या बिल्डिंगमधले वरचे दोन आणि समोरचा एक असे तीन फ्लॅट भरले. पोरं वाईट नव्हती हो, जिन्यात भेटली की मुलीला चॉकलेट द्यायची, जड पिशवी उचलून वर आणायची. पण त्यांचा दिवसच रात्री नऊला सुरू व्हायचा. अकराला खुर्च्या सरकवणं, बाराला गिटार, एकला कुणीतरी खालून हाक मारतंय, दोनला जिन्यात बूट. मी दोनदा वर जाऊन बोललो, दोन्ही वेळा मनापासून माफी मागितली त्यांनी, आणि तीन दिवस शांतता. मग परत तेच. वयच ते, त्यांना काय बोलणार? घरमालकाला सांगितलं तर तो म्हणाला की या भागात असंच असतं, आणि त्याचं म्हणणं खरंच होतं. डेसिबल वगैरे मी मोजलेले नाहीत, पण फेब्रुवारीपर्यंत मी मीटिंगमध्ये एकच वाक्य दोनदा विचारायला लागलो होतो आणि मुलगी शाळेत बाकावर डोकं ठेवून झोपते असं तिच्या बाईंनी सांगितलं, तेव्हा मात्र पोटात कालवलं.

तुम्ही म्हणाल त्याच शहरात दुसरीकडे का गेला नाहीत? गेलो बघायला. बातीकेंतच्या बाजूला शांत कुटुंबवस्ती आहे, घरंही बरी होती, पण तिथून पोर्सुक आणि स्टेशन दोन्ही लांब, म्हणजे ज्यासाठी एस्किशेहिर निवडायचं तेच हातातून जाणार. शिवाय मोठी घरं कमी, 1+1 आणि 2+1 ला, म्हणजे एक किंवा दोन खोल्या अधिक एक हॉल अशा घरांना, जास्त मागणी, कारण भाडेकरू मुख्यतः विद्यार्थी.

कोन्याबद्दल आम्हाला सगळ्यांनी घाबरवलं होतं. कर्मठ गाव, परदेशी माणसाला करमणार नाही वगैरे. यातलं काही खरं आहे. दारू मिळणं अवघड, रमजानमध्ये दिवसा बहुतेक खानावळी बंद, इंग्रजी जवळजवळ शून्य. संध्याकाळी पोर्सुककाठी बसण्यासारखी मजा इथे नाही, अलाएद्दीन टेकडीवर चक्कर मारायची आणि चहा प्यायचा, झालं. हवा भयंकर कोरडी, वर्षाला 320 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी, हिवाळ्यात गॅसची कॉम्बी, म्हणजे घर तापवणारा बॉयलर, चालू असली की ओठ फुटतात आणि रात्री खोलीत पाण्याचं भांडं ठेवावं लागतं. बायकोला पहिले दोन महिने रस्त्यात लोक बघतात असं वाटायचं, हे तिचं म्हणणं मी इथे मुद्दाम लिहितोय, कारण निर्णय तिचाही असतो. नंतर तो त्रास गेला असं तीच सांगते, पण ज्या बाईला एकटीने राहायचंय तिने हे हलक्यात घेऊ नये.

पण रात्री साडेदहाला आमचा महल्ला झोपतो. अख्खा. पहिल्या रात्री मला शांततेमुळे जाग आली आणि परत झोप लागली ती थेट अलार्मपर्यंत. सकाळी सहाच्या आधी कोपऱ्यावरची भट्टी पेटलेली असते, अंधारात जाऊन गरम पाव आणायचा आणि कामाला बसायचं. माझं घड्याळ आणि या गावाचं घड्याळ एक आहे, बस, माझ्यासाठी तिथेच काटा झुकला. घरंही ऐसपैस, त्याच बजेटमध्ये 3+1 मिळालं आणि मुलीला स्वतःची खोली. गाव सपाट, सायकलचे रस्ते भरपूर, मुलगी इथेच सायकल शिकली.

शेजार हा दुसरा मुद्दा. मुहर्रमच्या महिन्यात वरच्या तेय्झे, म्हणजे मावशी, आशुरेचा वाडगा घेऊन आल्या, गहू-हरभरे-सुकामेव्याची गोड खीर असते ती. बायकोने वाडगा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून शिरा करून दिला, तर त्या दारातच म्हणाल्या, अगं हा तर आमचा इर्मिक हलवा! रिकामा वाडगा परत द्यायचा नाही ही रीत त्यांच्याकडेही आहे. तेव्हापासून येणं-जाणं आहे आणि आमची तुर्की त्यांनीच सुधारली. एस्किशेहिरला इंग्रजीवर भागायचं म्हणून आम्ही शिकलोच नव्हतो, इथे इलाज नव्हता. आणि मराठी माणसाला ती तितकी परकी नाही, हवा, साबण, दुकान, मैदान, कागद, फरक, तारीख, सगळं थोड्याफार फरकाने तेच, भाड्याला किरा म्हणतात आणि घरमालकाला एव साहिबी, त्यातला साहेब आपलाच.

जेवणात दोन्हीकडे सारखंच, मसूरडाळीचं सूप, दही, बुलगुर, आठवडी बाजारातली भाजी. कढीपत्ता कुठेच मिळत नाही. कोन्यात एत्लीएकमेक, म्हणजे खिमा पसरून भाजलेली लांब पातळ रोटी, प्रसिद्ध, पण मला आवडतं ते बाम्या सूप, नखाएवढ्या सुकवलेल्या भेंडीचं, आंबट. त्यात मटण असतं, शाकाहारी लोकांनी आधी विचारावं.

तर एकटे असाल, तिशीच्या आत असाल, रात्री जागायची सवय असेल तर एस्किशेहिर बहुधा तुम्हाला जास्त मानवेल, मी अडवणार नाही. कुटुंब असेल आणि भारताच्या वेळेवर काम असेल तर मी कोन्या म्हणेन, फक्त बायकोला किंवा नवऱ्याला घेऊन आधी आठवडाभर राहून बघा. त्यासाठी 7 ते 17 डिसेंबरचे दिवस टाळा, इथे समाधी असलेल्या सूफी संत मौलाना रूमींच्या पुण्यतिथीचा सोहळा असतो, हॉटेलं भरलेली असतात आणि गाव नेहमीसारखं दिसत नाही. आणि एस्किशेहिरला घर बघायला जुलैत जाऊ नका. ऑक्टोबरात जा, आणि घर दुपारी आवडलं तर रात्री साडेअकराला परत त्याच बिल्डिंगखाली जाऊन पाच मिनिटं उभे राहा.