मार्च २०२५: सँडविच, मांजर आणि कुऱ्हाड

‘अ‍ॅडोलसन्स’ या नेटफ्लिक्स मालिकेचे चारही भाग सलग एकेका शॉटमध्ये घेतलेत, पण ही करामत थोड्याच वेळात विसरायला होते. तिसरा भाग तर बहुतेक एकाच खोलीत घडतो: खुनाचा आरोप असलेला तेरा वर्षांचा जेमी आणि मानसशास्त्रज्ञ बाई. आधी लाडीगोडी, मग एकदम आरडाओरडा. शेवटी त्याने चावलेल्या सँडविचकडे बाईंचा हात जातो आणि झटकन मागे येतो, तिथे मी गार पडलो. जेमी झालेल्या ओवेन कूपरचं हे पहिलंच काम, खरं वाटत नाही! शाळेतला भाग जरा पसरट.

‘फ्लो’ हा अ‍ॅनिमेशनपट ऑस्कर मिळाल्यावर पाहिला. एकही संवाद नाही, मांजर मांजरासारखीच वागते. सुटलो बुवा!

कॉमिक्समध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’. इथे ब्रूस, म्हणजे बॅटमॅन, श्रीमंत नाही आणि छातीवरचं वटवाघूळ काढलं की त्याची कुऱ्हाड होते. चित्रं दणदणीत, बडबड फार.